नमुना क्रमांक नऊ

जालन्यात कादराबादेत, पिठाच्या गिरणीमागच्या बोळात
तीन खोल्यांचं घर, वर पत्रे,
मागे चाळीस बाय पंचवीस मोकळं परस.
घेणारे दोघंही शिक्षक. लेकरू पोटात.
बयाणा द्यायच्या आधी त्यांनी मला पाठवलं.

गिरमिट भिंतीला टेकवलं, पिशव्या काढल्या,
म्हणालो, फक्त माती नेणार, मूठ मूठ.
द्वारकाबाई पांचाळ ओट्यावरून हलल्या नाहीत.
"न्या की. मातीला कोन पैशे मागतं."

पहिलं भोक दाराजवळ. काळी. दीड फुटावर मुरूम.
दुसरं मोरीखाली. काळी, चिकट, साबणाचा वास.
तिसऱ्याला गिरमिट खरखरलं,
भाकरीत खडा लागावा तसं.
वर आली राख.
राखेत काळ्या डब्याचे ठिकरे,
आणि एक करडी गोळी, बोराएवढी.
नखाने ओरखडली तर
आतून लखलखली.

इथे आधी काय होतं?
(अर्जात रकाना आहे: जागेचा पूर्वीचा वापर.)
"घरच व्हतं."
मग बऱ्याच वेळाने,
गिरणी बंद पडून बोळ शांत झाल्यावर:
"आमचे हे बॅटऱ्या फोडायचे.
ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या. रातच्याला,
धुराची बोंब नको शेजाऱ्यांची म्हनून.
कढईत शिसं पाण्यावानी व्हायचं बगा, चांदीवानी.
थंडीचे दिस. लेकरं भवती हात शेकत बसायची."
किती वर्षं?
"दोन पोरींची लग्नं झाली त्याच्यावर."
मी लिहिलं: अंदाजे अठरा.

आणि बॅटरीतलं पाणी?
त्यांनी हनुवटीनेच दाखवलं.
तिथे सीताफळ होतं म्हणे.
आता घमेल्याएवढ्या जागेत
गवतसुद्धा नाही.

चौथं. पाचवं. सहावं.
हातपंपाची एक बाटली, ती सातवी.
आठवं ओट्याच्या कडेला, अगदी वरवरचं,
जिथे रांगणारं मूल पहिल्यांदा हात टेकतं.

धाकटा मुलगा, सूर्यभान, चाळिशीचा,
दारात उभा राहून पिशव्या मोजत होता.
एक, दोन, तीन, पाच.
पुन्हा एक.
"ह्याला हिशेब जमलाच नाई कदी.
मास्तर म्हनायचे ध्यान नाई. झोडायचे.
कामून हो साहेब,
मातीचं काई असतं का त्याच्यात?"

उत्तर मला येतं.
किलोमागे किती मिलिग्रॅमला काय होतं
ते तोंडपाठ आहे, पाढ्यांसारखं.
मी पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं, रबर लावलं,
रबर तुटलं, दुसरं लावलं.
म्हणालो, अहवाल आल्याशिवाय कसं सांगणार.
हे सांगितलं नाही, की अहवाल
ज्याने पैसे भरले त्यालाच जातो.

निघालो तर त्यांनी हाक मारली.
मोरीच्या पाण्यावर वाढलेली कोथिंबीर,
मुळासकट उपटलेली, ओली जुडी.
"घरची हाय. खत नाई, औषिद नाई, काईच नाई तिच्यात.
न्या बायकोला."

न्यावी लागली.
गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत हातातच धरली.
असा वास, की भूक लागली.
फेकायला उकिरडा समोरच होता, तिथे एक शेळीही होती.
मग डिकी उघडली, कोरी पिशवी काढली,
मुळांची माती न झटकता जुडी आत सरकवली.

नमुना क्रमांक: नऊ.
खोली: शून्य.
शुल्क: माझ्याकडून.
अहवाल कोणाला: द्वारकाबाई पांचाळ.

पत्त्याशी पेन थांबलं.
पुढच्या महिन्यात त्या कुठे असतील?
मग ध्यानात आलं,
मला वाटतं तोच आकडा आला
तर हे घर कोणीच घेणार नाही.
पत्ता हाच राहील.
लिहिला.