नाव नसलेली काच

डेन्व्हरच्या पश्चिमेला ट्रामचे रूळ संपतात,
तिथून आमच्यापर्यंत दीड मैल.
येणाऱ्यांना तेवढं चालवत नाही,
म्हणून एलिसेओ खेचरं जुंपून उभा असतो.
गाव विचारत नाही तो. खोकला ऐकतो.
हा शिवणघरातला : सुतासारखा बारीक, तुटता तुटत नाही.
हा सिगार वळणारा : करपलेलं पातेलं खरवडावं तसा.
आजवर त्याचं चुकलेलं मी पाहिलं नाही.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात
बरे होण्यासारखे तेवढेच घेतात.
आमच्या तंबूंत उरलेले येतात.

जानेवारीत कांबळ्यांवरचा बर्फ झटकत
डॉक्टर ओश्रोव खाटांमधून फिरतात,
अंडी उरवली म्हणून यिडिशमध्ये रागावतात.
दूध, कच्ची अंडी, उघडी हवा.
बाकी सगळी बडबड, म्हणतात,
आणि तासभर ती बडबडच करत बसतात
काजं करणाऱ्या पेसाखच्या उशाशी,
मिन्स्कमधल्या कुठल्याशा न्हाव्याबद्दल.

माझं काम काचांचं.
थुंकीचा थेंब पसरायचा, लाल रंग, खालून आच,
आम्लाने धुवायचं, वर निळा.
आम्लानेही जे उतरत नाही तेच लाल उरतं.
निळ्यात लाल काड्या. मी मोजते.
काही काचांवर मोजणं सोडून देते.

संध्याकाळी पावत्या लिहिते, कारण कारकून परवडत नाही.
टोपीवाल्यांच्या युनियनकडून सव्वा डॉलर.
एका लग्नातल्या आहेरातून एक.
स्क्रँटनहून एका बाईचं पत्र :
'माझ्या भावाने तुमच्याकडे जितके दिवस दूध प्यायलं
तितक्या दिवसांचे पाठवते. दिवस एकोणीस.'
त्या पावतीवर 'आभार' लिहिताना
टाक दोनदा बुडवावा लागला.

कोणी गेलं की प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.
नऊ असतात, उशांना टेकलेले.
डॉक्टर देवाला मानत नाहीत; तरी येतात,
टोपी घालतात, दहावे होतात.
सगळे 'आमेन' म्हणतात तिथे
ते तोंड बाहीत लपवतात.
मला वाटायचं, नास्तिक माणूस, लाजत असेल.

पुरिमच्या आदल्या मंगळवारी
ट्रेमध्ये काचा एकतीस, चिठ्ठ्या तीस.
एकतिसावीचा कोपरा कानशीने घासलेला.
आमच्याकडे तसा कोपरा एकच माणूस घासतो,
माझी बोटं कापू नयेत म्हणून.

मी ती शेवटी घेतली.
आच नीट दिली. धुतली, पुन्हा धुतली,
हवं त्याहून जास्त धुतली.
लाल गेला नाही.

काच हातात धरून त्यांच्या दारात उभी राहिले.
त्यांनी वर पाहिलं नाही,
वाट पाहणाऱ्यांची वही माझ्याकडे सरकवली.
"शेवटी लिही."
"शेवटचा आकडा एकशे बारा आहे."
"मग एकशे तेरा. अंकगणित येतं ना तुला, हिंदा?"
"तुम्हाला खाट..."
"खाट आधी मागितली त्याची."
आणि पेसाखचा ताप विचारला.

मी लिहिलं. उजवीकडून डावीकडे,
नाव, वय एक्केचाळीस, धंदा.
धंद्यापुढे क्षणभर थांबले.
मग 'रुग्ण' लिहिलं, खोडलं, 'डॉक्टर' लिहिलं,
तेही नीट दिसेना.

बाहेर एलिसेओ खेचरांना दाणा घालत होता.
मला कुणाला तरी सांगायचं होतं, त्याला सांगितलं.
त्याने पिशवी खाली ठेवली नाही.
"मीच आणलं होतं त्यांना रुळांपासून," म्हणाला,
"सहा वर्षं झाली. हातात एकच पेटी, पुस्तकांची.
अख्ख्या वाटेत खोकले नाहीत.
तेवढं दाबून धरणारा माणूस
तोवर मी ऐकला नव्हता."

मग त्याने लगाम उचलले.
चारची ट्राम यायची होती,
तीत दोघेजण होते, तार आली होती,
आणि आमच्याकडे खाट एक.