त्र्याऐंशी किलो

पहाटे चारला हँगरचं दार ढकलतो
तेव्हा रास अल खैमा घामेजलेलं, झोपेत.
दाराच्या रुळात रात्रीची वाळू भरलेली असते.
ती आधी झाडायची, मग बाकीचं.

यंत्र लहान. पाच माणसांचं.
आमच्या पाटणच्या वडापमध्ये याच्या तिप्पट कोंबायचे.
पण हे एकटं दोन नोकऱ्या करतं,
सहा ते आठ शाळामास्तर, पुढे हमाल.
दहाच्या आत सगळं उरकायचं.
नंतर ऊन हवा पातळ करतं,
पात्यांना धरायला काही उरत नाही.

मास्तर असताना काठ्या दोन.
शिकणाऱ्याने एक हलवली की दुसरीही हलते,
आणि कॅप्टन मुतुआंचा हात
तिच्यापासून दोन बोटांवर,
न टेकता.
दीड वर्ष बघतोय तो हात.

हमाल व्हायचं तर मी दुसरी काठी काढतो,
फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवतो.
मागची दारं उतरवतो, पोटाखाली हूक लावतो.
मग मास्तर निघतात डोंगरावरच्या वस्तीला
पाण्याची टाकी लोंबकळत घेऊन,
मान खाली घालून,
उसनवारी फेडायला निघाल्यासारखे.

आज घायाची पहिली एकटीची फेरी.
"वजन बघून ठेव," कॅप्टन कालच म्हणाले होते.
उजवीकडे ती, बुटांसकट पंचावन्न.
डावीकडे कुणीच नाही.

शेजारचा उठून गेला की यंत्राला कळतं.
एका अंगाला लवतं,
शिकलेले हातसुद्धा गोंधळतात.
म्हणून त्या सीटवर वाळू बांधायची.

वाळू इथे विकत आणावी लागत नाही,
पण चाळावी लागते.
दोन पिशव्या भरल्या, चाळीस आणि त्रेचाळीस.
पट्टा आवळला, ओढून पाहिला.
काठी काढून घेतली, वाळूला काठी लागत नाही.
कॅप्टन आले, वाकून बघितलं,
"मी एवढा जाड दिसतो?"
हसलो दोघं. थोडंसंच.

धूळ उठली. धुळीतून ते वर आलं,
जरा डावीकडे सरकलं, थांबलं,
परत आलं जागेवर.
घायाचा भाऊ मोबाईल धरून उभा,
रेकॉर्डिंगचं बटण दाबायचंच विसरला.
मी वर बघत नव्हतो.
मी कॅप्टनच्या हाताकडे बघत होतो.
जमिनीवर, मांडीपाशी, मोकळ्या हवेत
तो हात हलत होता,
दोन बोटं इकडे,
दोन बोटं तिकडे.

अकरा वर्षं झाली.
घरी माझ्या जागी काय बांधून ठेवलंय
मी कधी विचारलं नाही.
मागच्या उन्हाळ्यात धाकटा गाडी चालवायला शिकला.
फोटो आला होता, स्टिअरिंगवर दोन्ही हात,
आईसारखी जीभ दाताखाली.
शेजारी कोण बसलं होतं
ते फोटोत आलं नाही.

सहा मिनिटांनी ती उतरली.
एक स्किड आधी टेकला, मग दुसरा,
मग सगळं वजन, हलकेच.
शेजारच्या हँगरमधून कुणीतरी शिट्टी मारली.
तिचे गुडघे लटपटत होते,
आणि ती सगळ्यांना सांगत होती, लटपटत नाहीयेत.
लॉगबुकात सहा मिनिटं म्हणजे
शून्य दशांश एक तास.
तेवढंच लिहायचं असतं. लिहिलं. सही केली.

पट्टा सोडला.
सीटवर खळगा पडला होता,
खरंच कुणी बसून गेल्यासारखा.
वाळू ओतून द्यायची तर दार उघडंच होतं,
बाहेर सगळी तिचीच भावकी.
नाही ओतली.
पिशव्यांवर मार्करने लिहिलं,
मुतुआ एक, मुतुआ दोन,
आणि कपाटात काठीशेजारी ठेवल्या.

साडेआठ वाजले होते.
टाकी भरून तयार होती.
मी हूक शोधायला लागलो.