डी आणि धक्क्याच्या मधे

अजाबराव धुर्वे ट्रॅक्टरवाला माणूस.
बोरीअरब फाट्यावर त्याच्या टिनाखाली
थ्रेशर, पेरणीयंत्र, एक उलटी पडलेली फवारणीची टाकी,
आणि आज माझी चांदीरंगी, दोन हजार पाचची,
जिला दोनच पायडल.

"तिसरं कुठी गेलं, गुरुजी?"
पोरगं वाकून पाहतं.
मी डावा पाय दाखवतो.
चौथ्या वर्षी तापात थांबलेला,
बाकीचा मी एकोणसाठ.
पोरगं काही बोलत नाही, पाना पुसत राहतं.

नागपूरच्या वर्कशॉपनं कागद दिला होता:
गिअरबॉक्स बदला, पंच्याऐंशी हजार.
अख्खी गाडी विकली तर साठ येतील.
तो कागद खिशातच ठेवतो.
दुसऱ्या डॉक्टरला पहिल्याचं सांगू नये.

अजाबराव आधी बॉनेट उघडत नाही.
विडी विझवून शेजारच्या सीटवर बसतो.
"थंडी असताना करते का गरम झाल्यावर?"
गरम झाल्यावर.
"रिव्हर्सले?"
रिव्हर्सला नाही.
"चढावर बोंबलते अन् सरकत नाही?"
हो. काटा चार हजारावर, आणि बैलबंडी पुढं निघून जाते.
"हं. आता डी लावा."

मी लावतो.
तो मोजतो, वीज लखलखल्यावर मोजतात तसं,
कडाडण्याआधी, किती कोसावर पडली ते.
एक.
दोन.
तीन.
धप्प.
"अजून गावाबाहेर हाय," म्हणतो.

मग काडी ओढतो, इंजिन चालूच ठेवून.
"बंद करून पाह्यलं तं खोटं सांगते."
एक थेंब, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर.
नवं तेल अंबाडीच्या सरबतासारखं, तांबडं, आरपार.
हे भजेवाल्याच्या चौथ्या घाण्याचं.
मधे काळा ठिपका, भोवती तपकिरी कड,
पलीकडून उमटलेल्या उलट्या 'चि. सौ. कां.'पर्यंत
हळूहळू पोचणारी.
वास घ्यायला पत्रिका माझ्याकडे देतो.
मी घेतो. जे वाटतं ते बोलत नाही.

खालचं तबक सुटेपर्यंत दुपार कलते.
चुंबकाला राखाडी मिशी आलेली.
ती तो चिमटीत चोळतो, डोळे मिटून,
दळून आणलेल्या पिठाची कणी पाहावी तसा.
"टोचलं तं हाड. नाही टोचलं तं कातडं."
बराच वेळ चोळतो.
टोचत नाही.
"चकत्या झिजल्या, बापा. दात शाबूत हायेत."

मी म्हणतो, सगळं तेल नवं टाक, पैसे आणलेत.
"नाही. याच गाळानं धरून ठेवलं हाय इले.
धुवून काढसान तं चकत्या सुटतीन,
फाट्यावरून घरापोतर बी जासान नाही.
दोन लिटर काढू, दोन टाकू. पोळा झाला का अजून दोन.
म्हाताऱ्या माणसाले एकदम आंघोळ नाही घालत."

किती दिवस, मी विचारतोच शेवटी.
"ते समजलं असतं तं मी इथी टिनाखाली असतो का?"
हात रॉकेलनं धुतो, मग मातीनं, मग पाण्यानं.
"मोजत जा. तीन हाय तवर चालवा.
पाच झाले का चढाचा रस्ता सोडा,
अन् रात्री तिथीच उभी करा
जिथून ढकलाले सोपी जाईन."
मजुरी चारशे. तेलाचे वेगळे.

लाडखेडच्या चढावर ती एकदा बोंबलली,
मग धरलं.
माझं स्टेअरिंग घामानं ओलं.

घरासमोर रिव्हर्स घेतला, तो ठणठणीत,
आणि पुन्हा डी लावला, कुठंच जायचं नसताना.
बेबीनंदा दारातून म्हणाली, चहा ठेवू का?
मी हातानं थांब म्हटलं.
एक.
दोन.
तीनच्या थोडं अलीकडे,
धप्प.

खिशातला पंच्याऐंशी हजाराचा कागद काढला,
मागची बाजू कोरीच होती.
तारीख टाकली. पुढं लिहिलं: अडीच.
मग खोडलं, आणि लिहिलं,
पावणेतीन.