उतरवावं लागेल

गुरुवार. फुरसुंगीला लाइट नाही.
दस्तगीर मिस्त्री म्हणाले, बरंच झालं,
चेनकुप्पीला कुठं लाइट लागते.

दिवेघाटात गाडीनं पांढरा धूर धरला होता.
डिपस्टिकवर ऑइल नव्हतं, चहा होता,
साय धरलेला.
बोटावर घेऊन त्यांनी तो मलाच दाखवला,
पोराची जीभ बघून डॉक्टर आईकडं बघतो तसं.
"उतरवावं लागेल."

आधी बॅटरी. मग बॉनेट, बिजागऱ्या सोडून, भिंतीला उभं.
रेडिएटरचं हिरवं पाणी घमेल्यात,
तर शेजारची कोंबडी आली प्यायला.
"मरशील की गं भवाने!"
घमेलं उचलून पत्र्यावर.

समाधान, वय अठरा, एका हातात पाना,
दुसऱ्या हातात मोबाइलचा उजेड.
नट हरवू नयेत म्हणून श्रीखंडाचे रिकामे डबे,
झाकणांवर खडूनं:
सायलेन्सर. माउंटिंग. सेल्फ. देव जाणे.
शेवटचा डबा सगळ्यात आधी भरला.

मी स्टुलावर.
कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही,
की पिंपरीच्या लाइनवर एकोणीस वर्षं
मी हेच इंजिन बसवायचो.
हुकाला लटकून यायचं, कोरं, रंगाच्या वासाचं.
मी, गुंजाळ आणि सॅम्युअल.
चार बोल्ट, एक खूण, पुढची गाडी.
अडीच मिनिटं.
खोकायचं तरी पुढच्या गाडीत.

इथं काढायला दुपार झाली.
एक्झॉस्टचा तिसरा बोल्ट हलेना.
त्यावर डिझेल सोडलं. थांबले. तंबाखू मळली.
हातोडीनं दोनदा, हळू,
ओळखीच्या माणसानं दार वाजवावं तसं.
परत पाना. कर्रर्र.
"येतो. रुसलेला असतो, एवढंच."
एकोणीस वर्षांत मी एकाही बोल्टशी बोललो नाही.
वेळ नव्हता असं नाही म्हणणार.
सुचलं नाही.

गिअरबॉक्सखाली जॅक,
साखळीचे आकडे इंजिनच्या दोन कानांत,
आणि समाधान ओढायला लागला.
हातभर साखळी, नखभर इंजिन.
हातभर साखळी.
उतरवायचं म्हणतात,
पण ते आधी वर जातं.
"थांब थांब थांब! केबल!"
एक्सलरेटरची राहिली होती.
मिस्त्रींनी ती न बघता काढली, बोटांनीच शोधून.
हातभर साखळी.

मग आलंच ते.
काळं, तेलकट, ठिबकत,
दोन माणसांच्या वजनाचं,
स्वतःभोवती जरासं फिरत.
आणि गाडीचं नाक चार बोटं वर उचललं.
कुणी हात लावला नाही. ओझं गेलं,
ती उठली.

हे मला माहीत नव्हतं.
आमच्याकडं गाडी बसायची.
इंजिन टाकलं की बसायची, दर अडीच मिनिटाला एक,
आणि तोवर आमची मान दुसऱ्या बोल्टकडं.

रिकाम्या खोबणीत वाकून पाहिलं:
गुलमोहराची वाळकी पानं, उंदरानं आणलेला कापूस,
एक रुपया,
आणि डाव्या ब्रॅकेटवर पिवळी रेघ, अर्धी.
बोल्ट घट्ट केल्याची खूण.
पिवळा आमच्या शिफ्टचा.
माझी नसेल. तिघं होतो, आणि गाड्या किती.
पण मी रेघ खालून वर ओढायचो,
आणि ही खालून वर गेलीये.
गुंजाळही तशीच ओढायचा. त्याला मीच शिकवली होती.

उरलेली अर्धी बोल्टच्या डोक्यावर असणार.
मी माउंटिंगचा डबा पालथा केला.
नाही.
सेल्फचा.

"काय शोधताय साहेब?"
"काही नाही. किती दिवस लागतील?"
मिस्त्री लटकत्या इंजिनाकडं बघत राहिले.
"नाना पेठेत बोअरला टाकायचं. आठ दिवस."
मग हात पुसत,
"बारा धरा."

मी 'देव जाणे'चं झाकण उघडलं.