बूच

या ट्रकच्या गिअरबॉक्सला तळाशी बूच नाही.
अठ्ठ्याहत्तर साली ज्यानं तो आखला
त्याला वाटलं असेल, हवंय कशाला.
म्हणून ऑइल बदलायचं तर अख्खं पॅनच उतरवायचं,
सतरा बोल्ट,
आणि सतरावा सुटायच्या आत
ते एका कोपऱ्यानं कलतं
आणि बाहीतून काखेपर्यंत जाते कोमट धार.

हे डेल्मरनं सांगितलं. शेजारचा,
म्हणजे दोन मैलांवरचा.
म्हणाला, एकदाच काय ते भिजून घे.
पॅन हातात आलंच आहे तर भोक पाड,
बूच बसव,
पुढल्या वेळी कॉफी पीत पीत कर.

मार्च संपत आलेला. माउस नदी अजून गोठलेली,
शेडच्या पत्र्यावरून मात्र टपटप सुरू.
पुठ्ठ्यावर उताणी पडून मी बघत होते
बाबांच्या ट्रकच्या पोटाकडे.

डॅशबोर्डच्या कप्प्यात त्यांची वही आहे.
हाल्वर ट्वेटन. अक्षर पेरणीच्या ओळींसारखं सरळ.
१. जून ८३, गिअरबॉक्स ऑइल बदललं.
२. जून ८६, बदललं.
असं नऊपर्यंत.
दर नोंदीला एक अख्खा रविवार.
चर्चहून आले की थेट शेडमध्ये,
आणि आई आम्हाला म्हणायची,
तिकडे जाऊ नका, ते ट्रकखाली आहेत.
आम्ही जायचो नाही.
रेडिओ तेवढा ऐकू यायचा,
गव्हाचे भाव, कॅनडाकडून येणारा वारा.

धार आली. लाल नव्हती.
करपलेल्या काकवीच्या रंगाची, वासही तसाच.
पॅन उतरलं. तळाच्या चुंबकाला
राखाडी लगद्याची मिशी फुटलेली,
आणि त्या चिखलात
एक पिवळं प्लास्टिकचं बूच.

काही उमजेना. डेल्मरला फोन लावला.
तो हसला, मग हसायचा थांबला.
कारखान्यातलं आहे ते, म्हणाला.
मापपट्टीच्या भोकात बसवतात, कचरा जाऊ नये म्हणून.
पट्टी घालताना आत ढकलतात, ते पडतं खाली.
पॅन पहिल्यांदा उघडणाऱ्याला सापडतं.

पहिल्यांदा.

जेवायला बसताना त्यांचे हात
नेहमी किती स्वच्छ असायचे.

मी तारखा लावून पाहिल्या.
त्या साली ना दुष्काळ, ना कुणाचं मरण,
ना बँकेचं पत्र.
नुसतेच रविवार.
आईला विचारता आलं असतं,
मायनॉटच्या वृद्धाश्रमात ती अजून मला नावानं हाक मारते.
नाही विचारलं.

पॅन धुतलं. मागल्या अंगाला, जिथं खोल आहे
आणि वरची जाळी आड येत नाही,
तिथं पंचनं खूण केली.
आधी बारीक बिट, मग जाड.
पत्रा किंचाळला, मग ऐकायला लागला,
आणि एक वेटोळं सुटून मनगटाला चटका देऊन गेलं.
कड घासली. आतून पोकळ बोल्ट,
खालून तांब्याचा वॉशर, नट,
नटाच्या पोटात करंगळीएवढं पितळी बूच.
नवी जाळी, नवं गॅस्केट,
सतरा बोल्ट परत, घाई न करता, आलटून पालटून.
वरून ओतलं नवं ऑइल, सरबतासारखं लाल.

पिवळं बूच पुसून ॲशट्रेत ठेवलं.
मग वही काढली.
"पहिल्यांदा" हा शब्द पेनाच्या टोकाशी आला होता.
लिहिलं:
१०. मार्च, गिअरबॉक्स ऑइल बदललं.

सकाळी पुठ्ठ्यावर नाण्याएवढा लाल डाग.
पान्हा घेऊन खाली गेले. पाव फेरा.
दुपारपर्यंत दुसरा पडला नाही.
संध्याकाळी पुन्हा बघून आले,
बघण्यासारखं काही नव्हतं.
तरी उलट्या बादलीवर बसले थोडा वेळ
रेडिओ लावून.