हसण्याच्या अर्धा सेकंद आधी

टॉडमॉर्डनच्या मेथडिस्ट हॉलमध्ये दर नोव्हेंबरात
तोच जुना फ्रेंच सिनेमा लावतात.
खुर्च्या मी मांडतो, चहाची टाकी विन्स्टन्ली आणतो,
आणि हीटर तापतो सिनेमा संपल्यावर.

गोष्ट इथं कुणीही सांगेल:
घाबरट पाववाला, पिठाच्या कोठीत लपवलेला इंग्रज वैमानिक,
आणि जर्मन कप्तान,
ज्याला नेमका त्याच कोठीतल्या पिठाचा पाव हवा असतो.
कोठी शिंकते.
पाववाला म्हणतो, यंदा गव्हालाच सर्दी झालीय, साहेब.

खालची इंग्रजी अक्षरं जरा उशिरा उमटतात.
म्हणून आमच्या हॉलमध्ये हसू दोनदा येतं:
आधी एकटी ओडील,
मग आम्ही सगळे, वाचून.

ओडील सटक्लिफ. सत्तेचाळीस साली
इथल्या खाटकाशी लग्न करून आलेली.
हसण्यात आवाज कमी, खोकला जास्त.
एकदा कप विसळताना म्हणाली,
आमच्याकडेही होता एक, मामाच्या कोठारात.
तो शिंकला नव्हता.
तरी सापडला.
मामाला अंगणातच उभं केलं.
मग कपाची कड अंगठ्यानं पुसत राहिली बराच वेळ.
या पाववाल्याचं मात्र निभावतं, म्हणाली, दर वर्षी.

मी औषधांच्या दुकानातला माणूस.
कशावर काय लागू पडतं एवढं कळतं मला,
का पडतं, ते बाटलीवर लिहिलेलं नसतं.
पहिल्या वर्षी मी एकदाही हसलो नव्हतो.
जीव नुसता टांगणीला.

यंदा तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची
सवयीनं मांडून बसलो.
विन्स्टन्लीनं तिच्यावर कोट टाकला,
मग उचलून मांडीवर घेतला.

कप्तान आला. दाराची घंटी वाजली.
कोठी शिंकली.
अक्षरं उमटायची होती अजून,
आणि त्या अर्ध्या सेकंदात
चाळीस माणसं वाट बघत होती,
सिनेमाची नव्हे.

मी हसलो. मोठ्यानं, बेसूर,
पाववाल्यानं तोंड उघडायच्या आतच.
मागून एक पोरगं म्हणालं, श्श्.
मग अक्षरं आली,
मग सगळे.

परतताना कालव्याच्या पुलावर विन्स्टन्लीनं विचारलं,
तुला फ्रेंच कधीपासून येतं रे?
म्हटलं, नाही येत.
शिंक तेवढी कळते.