मोरेशेटची खोली

वरच्या खोलीत मोरेशेट अकरा महिने राहिला.
खरं नाव मोरिशिता, पण आमच्या अनगोळात
कुणाच्या जिभेला ते शेवटचं 'शिता' पेललं नाही.
उद्यमबागेत मशीन बसवायला आला,
मशीनच्याच खोक्यातून आपली जमीनही घेऊन आला:
चार जाड चटया, काठाला हिरवी पट्टी,
भिंतीला भिडून अशा बसल्या
की मी जन्माचा पॅटर्नवाला, मलाही फट सापडली नाही.

तो गेला. चटया राहिल्या.
आणि राहिला, म्हणतात, वास.

म्हणतात, कारण मला येत नाही.
एकतीस वर्षं भट्टीसमोर;
काकवीत मळलेल्या वाळूनं, जळक्या तेलानं
नाक आतून लिंपून घेतलंय.
दूध करपतं तेव्हा मला धूर दिसतो,
वास मालनच्या तोंडून कळतो.

म्हणून हाही वास मी दारोदार गोळा केला, वर्गणीसारखा.
मालन म्हणाली, भिजलेल्या व्हळीचा.
बसव्वा जिन्यातच थांबल्या, पदर नाकाला:
'हुल्लु री, एम्मी हुल्लु.' म्हशीपुढचं गवत.
रंगारी कलमेश म्हणाला,
'काका, औषधाचा वास येऊलाय, कोण आजारी होतं काय?'
भाच्याला चहा आठवला, बिनदुधाचा, कडू.
एकाचं दुसऱ्याशी जुळेना.
भाडेकरू टिकेना.

मग मालननं कंबर कसली.
खिडक्या सताड, पंखा रात्रंदिवस,
पिठाच्या चाळणीनं खायचा सोडा पेरला,
झाडून काढला, परत पेरला.
कडुनिंबाची धुरी दिली
तर दोन्ही वास एकमेकांच्या गळ्यात पडले म्हणे.
रोज संध्याकाळी विचारायची, 'कमी झाला का हो?'
आणि मी, सवयीनं, 'झाला की थोडा.'

माघातल्या एका रविवारी चटया गच्चीवर काढल्या.
एक उचलायला दोघं, आणि वर बसव्वांचा नातू.
कठड्याला घासून एकीची शिवण उसवली,
आतून सांडलं
भाताचं पिंजर.
दाबलेलं, दोरानं आवळलेलं, पिवळं.

मालन तिथंच बसली.
तिचं माहेर जांबोटीकडचं,
मळणीनंतर पिंजरात लपणाऱ्या पोरींपैकी ती एक.
मूठभर उचललं, नाकाशी नेलं.
'आपल्या बासमतीचं न्हवं,' म्हणाली, 'पण भाताचंच.'
आणि मग बराच वेळ काहीच म्हणाली नाही.
माझ्या हातात शिवणीचा दाभण होता,
मी उगाच त्याचं टोक तपासत राहिलो.

सोड्याचा डबा स्वयंपाकघरात परत गेला.
दुपारी जेवण आटपून ती वर जाऊ लागली.
'ऊन दाखवायचंय चटयांना,' म्हणायची.
चटया कधीच आत आलेल्या होत्या.

वैशाखात गोकाकची एक मुलगी खोली बघायला आली,
विद्याश्री, नर्सिंग शिकणारी.
दारात उभं राहून तिनं खोल श्वास घेतला,
आमचा दोघांचा अडकला.
'छान आहे,' म्हणाली. 'कसला वासच नाही.'
पुढच्या सोमवारपासून येते म्हणाली.
आगाऊ पैसे मालननं मोजलेसुद्धा नाहीत.

जिना उतरायचा सोडून ती आत वळली.
खिडकीपाशी, दारामागं, मधोमध,
ठिकठिकाणी थांबली.
'गेला हो,' म्हणाली. 'खरंच गेला.'

मी गुडघे टेकले. कपाटाखालच्या कोपऱ्यात,
जिथं उन्हाचा हात पोचत नाही,
तिथं चटईला नाक लावलं.
गार होतं. काड्या गालाला टोचल्या.
'इथं आहे,' म्हणालो. 'थोडा आहे अजून.'

माझं नाक तिला चांगलं माहीत आहे.
क्षणभर बघत राहिली,
मग साडी सावरून शेजारी ओणवी झाली.
'सरका जरा,' म्हणाली.